निदानाचे पैसे

फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, मागच्या जाळीत उष्णता टाकतो, फ्रीजरच्या नळ्यांत पसरून गारवा देतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. कारखान्यात भरलेला गॅस वीस वर्षंही तसाच चालू शकतो. तो कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी बारीक भोक पडलेलं असतं. ते शोधायचं, ब्रेझिंग करून बुजवायचं, नायट्रोजनचा दाब देऊन तपासायचं, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची आणि मग वजन करून गॅस भरायचा, असं ते काम आहे. घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए जातीचा गॅस असेल तर तो भरायचा असतो मोजकेच ग्रॅम. शिवाय तो ज्वालाग्राही, त्यामुळे हयगय करून चालत नाही. नीट केलं तर यात अर्धा दिवस जातो.

तरीही नाशिकच्या पंचवटीत हिरावाडीपासून मखमलाबाद नाक्यापर्यंत कुणालाही विचारा. फ्रीज थंड करेनासा झाला की मेकॅनिकच्या तोंडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘ताई, गॅस संपलाय.’ वीस मिनिटांत गॅस ‘भरून’ होतो, दोन-अडीच हजार रुपये जातात आणि फ्रीज खरोखर थंड करू लागतो. यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला की आतल्या कॉइलवर बर्फाचा थर चढतो, हवेची वाट बंद होते आणि खालचा कप्पा गरम पडतो. मेकॅनिक येतो, फ्रीज बंद करून ओढतो, मागचं झाकण उघडतो, थोडी खटपट करतो. तेवढ्या वेळात बर्फ वितळायला लागतो. गृहिणीला सांगितलं जातं, ‘आजची रात्र बंद ठेवा, गॅस सेट होऊ द्या.’ सकाळी वाट मोकळी झालेली असते. थर पुन्हा चढेपर्यंत फ्रीज उत्तम चालतो. फसवलं गेलेलं घर त्या माणसाला दुवा देतं आणि शेजारच्या काकूंना त्याचा नंबरही देतं.

दुरुस्तीच्या धंद्यातली खरी अडचण इथे आहे. भाजी किडकी निघाली तर चिरताना कळतं, साडीचा रंग पहिल्या धुण्यात कळतो. दुरुस्तीचं मात्र, काम झाल्यावरही, काय बिघडलं होतं आणि काय बदललं हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कर्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा एक वेगळा वर्ग पाडला: घेण्याआधी पारखता येत नाहीत आणि घेतल्यानंतरही पारखता येत नाहीत, केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात. रोग सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच असतो. त्यामुळे नुसत्या स्पर्धेने इथली लबाडी संपत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पंचवटीत फ्रीज दुरुस्तीची पाच दुकानं आहेत की पन्नास, याने त्या गृहिणीच्या अज्ञानात काहीच फरक पडत नाही.

हा आजच्या काळाचा किंवा आपल्याच शहराचा रोग आहे, असंही नाही. १९४१ साली रीडर्स डायजेस्टच्या तपासनीसांनी अमेरिकाभर फिरून एक परीक्षा घेतली. उत्तम चालणाऱ्या गाडीची एक वायर मुद्दाम सुटी करायची आणि गॅरेजमध्ये न्यायची. ३४७ गॅरेजांपैकी ६३ टक्के ठिकाणी त्यांना फसवलं गेलं. रेडिओच्या दुकानांत ६४ टक्के, घड्याळजींकडे ४९. माणसं तीच, देशही तोच, तरी घड्याळजी जरा बरे का निघाले याचा मला नेहमी विचार पडतो. उत्तर माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट या आकड्यांतून स्वच्छ दिसते. बिघाड दूर करून नाममात्र पैसे घेणारे किंवा काहीच न घेणारे लोकही प्रत्येक धंद्यात पुष्कळ होते. गिऱ्हाइकाला काही कळत नव्हतं, पकडलं जाण्याची भीती नव्हती, तरी ते खरं बोलले. अशा माणसांचं आपण काय करतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

पंचवटी कारंज्याजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात मी अनेकदा बसलो आहे. दुकान कसलं, टपरीच. वर टांगलेले मिक्सरचे जार, खाली पंख्यांच्या मोटरी, टेबलावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. एक बाई मिक्सर घेऊन आल्या. ‘मोटर जळाली वाटतं, चटणी वाटताना बंदच पडला.’ कारागिराने मिक्सर उलटा केला, तळाची लाल कळ अंगठ्याने दाबली आणि प्लग लावला. मिक्सर सुरू. ‘ओव्हरलोड पडला होता, ताई. भार जास्त झाला की ही कळ आपोआप वर येते. दहा मिनिटं थांबून दाबायची.’ त्याने पैसे घेतले नाहीत. बाईंनीही विचारले नाहीत.

थोड्या वेळाने दुसरा मिक्सर आला. ठिणग्या उडत होत्या. त्याने मोटर उघडली, तांब्याच्या कॉम्युटेटरवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने साफ केली, दोन्ही कार्बन बदलले, कपलर घासला होता तो दाखवून म्हणाला, ‘हा अजून सहा महिने जाईल, आत्ता नको बदलायला.’ पाऊण तास गेला. त्याने दीडशे रुपये सांगितले. गिऱ्हाइकाने टेबलावरचा करंगळीच्या पेराएवढा जुना कार्बन उचलला आणि म्हणाला, ‘एवढ्याशा तुकड्याचे दीडशे?’ शंभरावर सौदा पटला.

आता हाच मिक्सर दुसऱ्या कारागिराकडे गेला असता तर? ‘आर्मेचर गेलंय, आठशे लागतील, सहा महिन्यांची गॅरंटी.’ आठशेचे सातशे झाले असते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी गेलं असतं, कारण त्याच्या मते मोठा पार्ट बदलला गेला. पहिल्या माणसाने गिऱ्हाइकाचे सहाशे रुपये वाचवले आणि त्याबद्दल त्याचे पन्नास कापले गेले. आधीच्या बाईंनी फुकट ज्ञान नेलं, आणि हा माणूस पाऊण तासाची मजुरी कापून गेला. तिघांपैकी कुणीही वाईट नव्हतं, हेच दुःखाचं आहे. आपल्याला वस्तूचे पैसे देणं समजतं. ‘काही बिघडलेलं नाही’ हे सांगण्याचे पैसे द्यायला हात पुढे होत नाही.

डॉक्टरने तपासून ‘घाबरू नका, काही नाही’ असं सांगितलं तर आपण फी देऊन, आनंदाने, घरी येतो. त्या फीमध्ये त्याच्या शिक्षणाची वर्षं असतात हे आपल्याला मान्य असतं. सातपूरच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगच्या ट्रेडची दोन वर्षं काढलेल्या, त्यानंतर एखाद्या उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं राबलेल्या मुलाचं शिक्षण मात्र आपल्या लेखी शून्य. तो जिने चढून आला, त्याने कान लावून रिलेचा ‘टक्’ ऐकला, मीटर लावून ओव्हरलोड तपासला, सैल झालेली पिन घट्ट केली आणि तीनशे रुपये मागितले, की घरमालक म्हणतो, ‘नुसता स्क्रू पिळला आणि तीनशे?’ हे वाक्य मी सुशिक्षित, सज्जन, दानधर्म करणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. या एका वाक्याने या धंद्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं भामट्यांनीही केलं नसेल.

कारण हे ऐकून कारागीर शिकतो. पुढच्या वेळी तो सैल पिन घट्ट करतो आणि बॅगेतून एक नवा रिले काढून बसवतो. सव्वाशेचा रिले साडेचारशेला. वरचे सव्वातीनशे ही त्याची खरी फी असते, पण ती आता पार्टच्या किमतीत दडलेली असते. गिऱ्हाईक कुरकुर न करता देतं. इथपर्यंत ही लबाडी आहे, पण ती आपण शिकवलेली लबाडी आहे. आपली मजुरी खोट्या नावाने वसूल करणारा हा माणूस आणि न झालेला बिघाड रचणारा माणूस यांच्यात मी फरक करतो आणि तो केलाच पाहिजे असं मला वाटतं. अवघड असं की या दोघांमध्ये भिंत नाही, उतार आहे. रिले चालला, मग कार्ड का नाही? वॉशिंग मशीनच्या ड्रेन पंपात पाच रुपयांचं नाणं अडकलेलं असतं. नाणं काढण्याचे दोनशेही कुणी देत नाही आणि ‘पीसीबी उडालाय’ म्हटलं की साडेतीन हजार मिळतात. काही वर्षांत त्याच माणसाला नाणं दिसलं तरी तो त्याबद्दल बोलत नाही.

उताराच्या तळाशी जे बसलेत त्यांच्याबद्दल मात्र कसलीही सहानुभूती नको. घरोघर फिरणारे ‘पाणी तपासणी’वाले घ्या. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत विजेच्या कांड्यांची जोडी बुडवायची आणि बटण दाबायचं. नळाचं पाणी क्षणात तपकिरी, गढूळ, किळसवाणं होतं. आरओचं तसंच राहतं. ‘हे पितात तुमची मुलं.’ प्रत्यक्षात पाण्यातल्या साध्या क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड विरघळून तो गाळ बनतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून काही घडत नाही. घाण पाण्यात नव्हतीच, कांडीतून आली. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलं होतं. गंगापूर धरणातून येणारं नदीचं पाणी पिणाऱ्या घराने आधी क्षार मोजून घ्यावेत, मग यंत्राचा विचार करावा. पण तपकिरी ग्लास पाहिलेल्या आईला आकडे सुचत नाहीत. हा माणूस भीती विकतो आणि तिथे आपण निदानाची फी दिली असती तरी तो सुधारला नसता.

भीतीचा असाच काळ पुरानंतर येतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. असं पाणी घाटाजवळच्या घरा-दुकानांत शिरतं तेव्हा पाण्यात बुडालेली मोटर म्हणजे मेलेली मोटर असं धरलं जातं. वास्तविक ती चालू न करता खोलली, स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, उन्हात किंवा गरम हवेत पूर्ण वाळवली, मेगरने इन्शुलेशन तपासलं, तर पुष्कळ मोटरी वाचतात. खरा कारागीर पहिल्यांदा सांगतो, ‘प्लग लावू नका.’ त्या तीन शब्दांची किंमत पूर्ण मोटरीएवढी असते आणि त्या तीन शब्दांचं बिल होत नाही.

यावर सरळ उपाय म्हणून लोक कंपनीच्या अधिकृत सेवेकडे जातात. तिथे गणवेश आहे, छापील बिल आहे, ओरिजिनल पार्ट आहे. पण येणारा मुलगा बहुतेक वेळा कंत्राटदाराचा, कॉलमागे पैसे मिळणारा. त्याच्यावर वार्षिक देखभालीचे करार विकण्याचं आणि सुटे भाग खपवण्याचं टार्गेट. त्याला खरं बोलायची इच्छा असली तरी महिनाअखेरीला त्याची मोजणी विकलेल्या मालावरून होते. शिवाय कुणाच्या खिशातून पैसे जाणार हेही निदानावर परिणाम करतं. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकसारखाच बिघाड केलेले संगणक वेगवेगळ्या दुकानांत दिले. दुरुस्तीचा खर्च विमा कंपनी देणार आहे, एवढंच काही ठिकाणी सहज सांगितलं. तिथलं सरासरी बिल ऐंशी टक्क्यांहून जास्त वाढलं. आपल्याकडे भाडेकरूने मालकाचा गीझर दुरुस्त करायला माणूस बोलावला की वेगळं काही होत नसावं.

दुसरा उपाय मोबाइलवरचे तारे. मला हा उपाय पहिल्यापेक्षाही फसवा वाटतो. पाच तारे कशाला मिळतात? वेळेवर आला, बूट बाहेर काढले, गोड बोलला, जाताना फरशी पुसली. हे सगळं चांगलंच आहे. पण चांगला पीसीबी काढून नेऊन नवा बसवणारा माणूसही हे सगळं करू शकतो, किंबहुना जास्त काळजीने करतो. गिऱ्हाइकाला जे दिसतं त्याचेच तारे तो देतो. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावणाऱ्यांना तर अनेकदा कंपनीच्या नावाने बसलेला तोतयाच सापडतो. त्याला पत्ता नसतो, असतो फक्त एक सिमकार्ड.

‘पूर्वी असं नव्हतं, गल्लीतला माणूस ओळखीचा असायचा’ असं वाड्यांतून वाढलेली पिढी सांगते. त्यात तथ्य आहे. घाटाजवळच्या वाड्यांना जो रेडिओवाला ठाऊक होता त्याला फसवून कुठे जाता येणार होतं? आता म्हसरूळ, आडगाव नाका, अमृतधाम भागातल्या इमारतींत शेजारचं दारही ओळखीचं नसतं. पण निव्वळ ओळखीवर माझा विश्वास नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गावगाडा’त लिहून ठेवलं आहे की वतनाचा हक्क कायमचा मिळालेले कारू-नारू कामात कशी चालढकल करत. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती, तरी. आणि त्या ओळखीची दुसरी बाजू म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं तेही जन्मानेच ठरलेलं. ज्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथे जुन्या गावगाड्याचे गोडवे गाताना जीभ अडखळायलाच हवी.

जुन्यातलं एक मात्र उचलण्यासारखं आहे आणि ते रामकुंडावर आजही आहे: तीर्थोपाध्यायांच्या वह्या. दूरच्या गावाहून आलेला यात्रेकरू उभ्या आयुष्यात एकदा-दोनदा नाशिकला येतो. एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकाला लुबाडण्याची सोय याहून मोठी कुठली? पण उपाध्यायाच्या वहीत त्याच्या आजोबांची सही असते, गाव असतं, कुळ असतं. ‘तुमचे पणजोबा अमुक साली आले होते’ असं म्हणत पान उघडलं जातं, तो यात्रेकरू आपलं नाव खाली लिहितो आणि त्याचा नातू याच गुरुजींच्या घराण्याकडे येणार हे दोघांनाही कळतं. सगळे उपाध्याय धुतल्या तांदळासारखे, असं मी म्हणत नाही. एकदाचा व्यवहार लिहून ठेवल्यामुळे पुढच्या व्यवहाराला बांधला जातो, एवढंच मला दाखवायचं आहे. काही जुन्या मेकॅनिकांनाही हे आपसूक सुचलेलं असतं. फ्रीजच्या मागच्या पत्र्यावर मार्करने तारीख आणि ‘रिले नवा’ किंवा ‘थर्मोस्टॅट नवा’ असं लिहिलेलं दिसतं. जो असं लिहितो तो उद्या येणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकसमोर आपलं काम तपासायला ठेवतो. लबाड माणूस हे कधीच लिहिणार नाही.

कायदा काय करतो? २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सेवेचं बिल न देण्यालाच अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी मॅन्युअल आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी म्हणून. हे सगळं हवंच. विशेषतः मॅन्युअल आणि भाग गल्लीतल्या दुकानाला मिळाले तर कंपनीची मक्तेदारी सैल होईल. पण दोन हजारांच्या ‘गॅस’साठी जिल्हा आयोगात कुणी जाणार नाही, आणि गेलं तरी नळीत गॅस होता की नव्हता हे आता कोण सिद्ध करणार? कायद्याला पुरावा लागतो आणि पुरावा काम चालू असतानाच तयार व्हावा लागतो.

म्हणून मला सोसायट्यांशी बोलायचं आहे. महाराष्ट्राला हे नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र खरेदी करू लागली. एकट्या घराला जे जमत नव्हतं ते शेजाऱ्यांच्या गटाला जमलं. डाळ-तांदळासाठी जे केलं ते दुरुस्तीसाठी का करू नये? हिरावाडीतल्या चाळीस घरांच्या इमारतीने दोन-तीन कारागीर ठरवावेत आणि त्यांना तपासणीची फी ठरवून द्यावी, तीनशे म्हणा, चारशे म्हणा. बिघाड निघो न निघो, पार्ट लागो न लागो, ती फी द्यायची, तिच्यात घासाघीस नाही. पार्ट खरेदीच्या बिलाप्रमाणे घ्यायचा आणि काढलेला जुना पार्ट घरातच ठेवून जायचा. हा व्यवहार कारागिराच्याही फायद्याचा आहे. पावसाळ्यात, जेव्हा एसीवाल्यांकडे काम नसतं, तेव्हाही चाळीस घरांच्या तपासण्या त्याच्या हाताशी राहतात, आणि ‘काही झालं नाही’ हे वाक्य बोलताना त्याला उपाशी राहण्याची भीती वाटत नाही.

गरीब घरांना तीनशे रुपये जड जातील, हा आक्षेप खरा आहे. दिंडोरी रोडच्या बाजूच्या एका खोलीत राहणारी, मार्केट यार्डात हमाली करणारी माणसं जुना फ्रीज घेतात, आणि खोट्या गॅसचे अडीच हजार त्यांच्याच खिशातून सगळ्यात आधी जातात. चाळीतही असा गट होऊ शकतो. तिथे फी शंभर ठरेल, पण ठरलेली असावी.

आणि गेटवर, वॉचमनच्या टेबलावर, एक वही. तारीख, फ्लॅट, काय होत होतं, काय निदान झालं, काय काढलं, काय बसवलं, किती घेतले, कारागिराची सही. शेवटचा एक रकाना कोरा ठेवायचा आणि सहा महिन्यांनी भरायचा: पुन्हा बिघडलं का, आणि तेच का? एका वर्षात चाळीस घरांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की कुणाच्या हातून दर खेपेला कॉम्प्रेसरच जातो आणि कुणाच्या हातून सैल पिना निघतात, हे वाचायला इलेक्ट्रिशियन असावं लागत नाही. पंचवटी कारंज्याजवळच्या त्या कारागिराला मी ही कल्पना सांगितली. त्याने फक्त एक दुरुस्ती सुचवली: निदान चुकलं तर दुसऱ्या फेरीची फी घ्यायची नाही, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.